पेनाची चौथी रेघ

सकाळपासून माझा पाय तीन वेळा कापून झाला होता आणि चहा अजून आला नव्हता.

पहिल्या नर्सबाईंनी मी खुर्चीत नीट टेकायच्या आतच तो कापला. "बाबाजी, शुगर वाढवून ठेवली नं? आता बोट काढाच लागते. इथं सही करा." दुसरीने हातातलं पुस्तक उघडलं आणि शंभरातले किती बरे होतात, किती होत नाहीत, हे पाढे म्हटल्यासारखं वाचून दाखवलं. मी विचारलं, "मंग मी काय करू, सिस्टर?" ती म्हणाली, "निर्णय तुमचाच आहे," आणि पुस्तक मिटलं. विहिरीच्या काठावर नेऊन सोडावं आणि उडीचं तुमचं तुम्ही बघा म्हणावं, तसं. तिसरीने तर कमालच केली. माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्या खुर्चीकडे वळली आणि सवयीने तिलाच विचारलं, "पेशंटसोबत तुम्हीच आहात का?"

हॉलमधले चाळीसएक नर्स आणि डॉक्टर हसले. शिकवणाऱ्या डॉक्टर मोनाली मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावरच्या 'निर्णय पेशंटसोबत' या ओळीखाली आणखी एक रेघ ओढली. हसलो मीही. पण हसता हसता डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

यवतमाळला तीन दिवसांचं हे प्रशिक्षण होतं. पेशंटला उपचाराचे रस्ते समजावून सांगायचे, त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते विचारायचं, आणि दोघांनी मिळून ठरवायचं, हे सरकारी नर्स-डॉक्टरांना शिकवायचं होतं. त्या सरावासाठी खोटे पेशंट हवे होते. ती जबाबदारी आमच्या गल्लीतल्या धम्मदीपवर होती. तो सरळ माझ्याकडे आला.

"काका, दिवसभर खोटं बोलाचं काम हाय. जेवण देतील. तुमच्यापेक्षा लायक मानूस मले जिल्ह्यात दिसत नाही."

चूक नव्हतं त्याचं. आमच्या लोहाऱ्यात मी वेळ सांगितली तरी लोक एकदा घड्याळ बघून घेतात. चौतीस वर्षं पंचायत समितीत हातपंप दुरुस्त केले. तेलंगणाच्या सीमेवरच्या एका गावात बोअर इतकी खोल होती की पाइपाला कान लावला तर खालून तेलुगू ऐकू यायची. एका पंपाने तर पाण्याआधी वाटी काढली होती, आणि वाटीवर गावच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. ही सगळी माणसं अजून जिवंत आहेत, हवं तर विचारा.

बरं, हे आलंही जन्मापासूनच. माझे मोठे भाऊ मारोतराव. त्यांच्या पाठची तीन भावंडं पाळण्यातच गेली. पुढचा मी. आईने मला सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं, शेजारणीने उचलून आणलं, आणि आईने पसाभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण वळून बघत नाही म्हणतात. नावही उकंडाच ठेवलं. म्हणजे माझ्या जन्मातलं पहिलं खोटं आई बोलली, आणि तेही थेट यमाला. त्रेसष्ट वर्षं पचलं.

या उन्हाळ्यात ते उघडं पडायची वेळ आली.

धम्मदीपने माझ्यापुढे चार कार्डं ठेवली होती. छातीत कळ आलेला माणूस, किडनीचा, गुडघ्याचा, आणि चौथं कार्ड: वामनराव, वय बासष्ट, शेतकरी, शुगर, डाव्या पायाच्या करंगळीला जखम, हाडापर्यंत गेलेली. मी पटकन चौथं उचललं. धम्मदीपला वाटलं, काकाला गोष्ट आवडली.

गोष्ट माझीच होती. माझ्या डाव्या पायाची करंगळी तीन आठवड्यांपासून शेंड्याकडून काळी पडत चालली होती, विझलेल्या वातीसारखी. खाली एक भोक होतं, त्यात काडी बुडाली असती. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. रोज सकाळी न्हाणीत खिडकीच्या उजेडात मी पाय बघायचो, आणि लाली पुढे सरकली की ती जिथे संपते तिथे निळ्या पेनाने रेघ मारायचो. बोअरच्या पाइपावर पाण्याची खूण करायची तशी. पाणी चढतंय की उतरतंय ते रेघेवरून कळतं. आठवडाभरात तीन रेघा झाल्या होत्या, प्रत्येक आधीच्या वर. प्रशिक्षणाच्या सकाळी चौथी मारली. तिसरीपासून बोटभर वर.

दवाखान्यात मी जाणार नव्हतो. मारोतराव गेले होते. सहा वर्षांपूर्वी, पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन, दूरच्या एका मोठ्या दवाखान्यात. जाताना नव्या चपला घेतल्या होत्या, शहरात जायचं म्हणून. बेशुद्धीतून उठले तेव्हा डावा पाय मांडीपासून नव्हता. त्यांच्या पोराची, बंटीची, सही झाली होती. त्याला म्हणे सांगितलं, सही कर, नाहीतर घेऊन जा. पोरगं घाबरलं. वहिनीला, तानाबाईला, कोणी विचारलं नाही. ती बाहेर डबा घेऊन बसली होती. कदाचित पाय जाणारच होता, कोण जाणे. पण त्यानंतर मारोतराव चार महिने जगले आणि रोज एकच विचारायचे. "मले काहून नाही इचारलं?" कुबडीवर चालून उजवी चप्पल झिजली. डावी तशीच राहिली. वहिनी आणि मी एकाच घरात राहतो; ती डावी चप्पल वहिनी अजून फळीवरून काढते, पुसते, परत ठेवते.

तेव्हा मी बेत केला होता. वामनरावाच्या नावाने आपला पाय विचारून घ्यायचा. चाळीस नर्स-डॉक्टर फुकटात सांगतील, आणि कोणाला बूट काढून दाखवायचा नाही. सगळ्यांच्या चपला हॉलच्या दाराबाहेर होत्या. मी एकटा कॅनव्हासचे बूट घालून आत बसलो होतो. मोज्यात कापराच्या चार वड्या चुरून टाकल्या होत्या. बूट का, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, एका साधूने शाप दिलाय, सूर्य मावळायच्या आत काढले तर पाऊस पडत नाही.

चौथी आली ती सत्यशीला सिस्टर. ढाणकीकडच्या एका सरकारी दवाखान्यातली. पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, चालणं सावकाश. तिने रिकामी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि स्वतःची माझ्या गुडघ्याजवळ ओढली. कार्ड पालथं घातलं.

"भाऊ, मी सत्यशीला. तुमच्या पायाचं बोलू. पन त्याच्या अदी एक सांगा, या पायानं तुमी काय काय करता?"

असा प्रश्न मला कोणी केला नव्हता. तोंडातून आपोआप गेलं. "पाइप दाबतो, ताई. बोअरमधून पाइप वर ओढतानी एक मानूस ओढते अन् एकानं डाव्या पायानं दाबून धराव लागते. सुटला का गेला पाताळात. चौतीस वर्षांत माह्या पायाखालून एक पाइप नाही सुटला." आणि मग सवयीने तेलुगूची गोष्टही सांगून टाकली. हॉल हसला. ती पण हसली. मग चष्मा पुसत हळू आवाजात म्हणाली, "वामनरावाच्या कार्डावर तं शेती हाय. पंप कोनाचे?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदा पाइप सुटला होता.

ती थोडी वाकली. नाक किंचित फुगलं. वीस-पंचवीस वर्षं पट्ट्या बदलणाऱ्या बाईला कापराखालचा वास कळतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता ही ओरडणार, चार जण धरणार, बूट ओढणार, आणि दुपारपर्यंत मी मांडीपासून मोकळा.

"बूट काढू का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. बरं. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. हुकूम सोडला असता तर मी पळवाट काढली असती, भांडलो असतो, दहा थापा मारल्या असत्या. त्या 'बरं'ला काय करायचं ते मला समजेना. मोनाली मॅडमनी घड्याळ दाखवलं, वेळ संपली. तपासणीच्या कागदावर सत्यशीला सिस्टरच्या नावापुढे कोणीतरी लिहिलं, 'पर्याय सांगितले नाहीत.' नापास.

जेवायच्या सुट्टीत मी आवारातल्या कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसलो. ती डबा घेऊन आली आणि मधे हातभर जागा सोडून बसली. ज्वारीची भाकर, झुणका. अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली.

"किती दिस झाले?"

"कायले?"

"कापूर घालून राह्यले त्याले."

मी म्हटलं, मोजे जुने आहेत. म्हटलं, आमच्या घराण्यात पायांना घाम येतो, माझ्या आजोबांच्या घामावर एकदा मळा भिजला होता. ती खात राहिली. खोटं ऐकून घेणारे मी खूप पाहिले. तिने मात्र ते पाहुण्यासारखं बसू दिलं, ना हाकललं ना पाणी विचारलं. शेवटी माझंच मला ऐकवेना.

"तीन हप्ते," मी म्हणालो.

"दाखवाचं नाही?"

"दाखवलं का कापतात. माह्या भावाचा मांडीपासून कापला, झोपेत." आणि मग सगळं सांगितलं. बंटीची सही, वहिनीचा डबा, चप्पल. गोष्ट एकदाही फुगवली नाही. फुगवायला त्यात जागाच नव्हती.

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "ज्यानं सही घेतली नं भाऊ, तो मीच असन असं समजा. त्या दवाखान्यात मी नव्हती, पन दुसरीकडं शंभरदा होती. शाईचा पॅड घेऊन जाचं, आंगठा धराचा, टेकवाचा. हे कायचं बाई, असं कोनी इचारलं तं औषीदाचं म्हनाचं. पेशंटले इचारासाठी येळ कोनाले होता? अन् भेवही वाटे. इचारलं, अन् त्यानं नाही म्हनलं, अन् मेला, तं?"

"मंग आज कायले इचारलं?"

"आजही भेवच वाटलं," ती म्हणाली. "तुमी नाही म्हनलं तवा तं वाटलं, झालं, गेला हा. वढून काढावा वाटला बूट."

तोवर मला वाटत होतं, भीती फक्त खुर्चीच्या माझ्या बाजूला असते.

"काढा," मी म्हणालो. "पन इथं नोको."

मागच्या एका रिकाम्या खोलीत तिने हातमोजे चढवले आणि बूट काढला. मोजा सुटेना, चिकटला होता. पाणी शिंपडून, सावकाश. मी छताकडे पाहत होतो. पंख्याचं एक पातं वाकडं होतं. शिंपडणं थांबलं, तसं खाली पाहिलं. ती बोटाकडे पाहत नव्हती. रेघांकडे पाहत होती.

"ह्या कोनी मारल्या?"

"म्याच."

"चार?"

"चौथी आजची."

तिने लालीच्या कडेवर आपलं बोट न टेकवता धरलं. सकाळच्या रेघेच्याही ती आता थोडी पुढे होती. चार-पाच तासांत.

"भाऊ, मी डॉक्टर नाही. सर्जन सांगतीन ते खरं. मले जे दिसते ते सांगू का, का नोको?"

"सांगा."

"काळं झालेलं बोट वापस येत नाही. हे लाल हाय ते चढून राह्यलं. आजच भरती झाले तं बोटावर निभन, असं वाटते. खात्री देत नाही. नुसत्या सुया-गोळ्यांवर थांबाव म्हनलं तं थांबता येते, पन तुमच्याच रेघा पाहा. पाच-सहा दिवसांनी पायाचं बोलाव लागन. घरी गेले तं मंग मांडी, नाहीतं जीव. आता तुमाले सगळ्यात जास्त भेव कायचं हाय, ते सांगा."

मरणाचं, असं म्हणणार होतो. ते खरं नव्हतं. त्याला आईने चुकवलं होतं, पुन्हा चुकवता येईल असं कुठेतरी वाटतच होतं.

"झोपेतून उठाव, अन् खाली पाहाव, अन् नसाव," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. या वेळी त्या शब्दाची भीती वाटली नाही. थोडीच वाटली.

संध्याकाळी सत्यशीला सिस्टरसोबत जाऊन मी सरकारी दवाखान्यात भरती झालो. सर्जन डॉक्टर नयन, तरणाताठा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने फॉर्म पुढे केला. मी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. शेवटून तिसरी होती: 'आवश्यक वाटल्यास पुढील शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.' त्या ओळीवर बोट ठेवलं तर बोट गार पडलं. मारोतरावांचा पाय या ओळीतून गेला होता.

"साहेब, याच्या खाली मी काही लिहू?"

डॉक्टरने सत्यशीला सिस्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, "असं कोणी लिहीत नाही काका." मग खुर्चीत बसला. "सांगा, काय लिहायचंय?"

मी लिहिलं: फक्त करंगळी. पुढे काही लागले तर आधी मला विचारावे.

त्याने वाचलं. "पायापुरतंच बधिर करू, तुम्ही जागेच असाल. विचारीन. पण समजा तुमची शुद्ध हरपली, आणि जिवावर बेतलं? तेव्हा कोणाला विचारू?"

बंटी पुण्यात. बायको जाऊन दहा वर्षं झाली. मग लिहिलं: तर माझी वहिनी तानाबाई हिला विचारावे. ती बाहेर बसलेली असेल.

वहिनी दुसऱ्या दिवशी धम्मदीपसोबत ऑटोने आली. माझा पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "न्हानीत अर्धा अर्धा तास काय करून राह्यले हे मले समजत नोतं का, भाऊजी? सांगतलं काहून नाही?" उत्तराची वाट न पाहता बाहेर बाकावर जाऊन बसली. मांडीवर कापडी पिशवी.

ऑपरेशन दुपारी झालं. कमरेच्या पुढे हिरवा पडदा, पलीकडे नुसते आवाज. सत्यशीला सिस्टर प्रशिक्षणातून तासाभराची सुट्टी मागून आली होती, टोपी घालून डोक्याशी उभी होती. मी डॉक्टरला वाटीची गोष्ट सांगायला घेतली. पंपाने वाटी काढली इथपर्यंत आलो, आणि पलीकडचे आवाज थांबले.

ते थांबणं मी विसरणार नाही. लोखंड ताटलीत ठेवल्याचा एक आवाज, आणि मग काहीच नाही. मला वाटलं, संपलं. पडद्यामागे त्यांनी ठरवलं. आता मांडीशी येतील. वाटीचं पुढचं आठवेना.

"काका," डॉक्टर म्हणाला. तो पडद्याच्या बाजूने माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता. "करंगळी काढली. शेजारच्या बोटाचं हाड मऊ लागतंय. तेही काढावं असं मला वाटतं. ठेवलं, तर कदाचित औषधाने सावरेल, कदाचित परत टेबलावर यावं लागेल. त्याच्या वर काही करायचं नाही. तुम्ही सांगा."

"तुमचा पाय असता तं?"

"काढलं असतं. पण पाय तुमचा आहे."

"थांबा जरा," मी म्हणालो.

आणि ते थांबले. दिवा लागलेला, हातमोजे घातलेले हात छातीशी धरलेले, चार माणसं टोप्या घालून माझ्यासाठी उभी. मी डाव्या पायाची बोटं हलवून पाहिली. हलली की नाही, मला कळलं नाही. सिस्टरकडे मान वळवली. तिने 'हो' म्हटलं नाही की 'नाही' म्हटलं नाही. तीही थांबली होती.

"काढा," मी म्हणालो. "दोनच."

"दोनच," डॉक्टर म्हणाला आणि पडद्यामागे गेला.

वॉर्डात आणलं तेव्हा ऊन खिडकीतून उतरलं होतं. बाजूच्या खाटेवरचा माणूस विचारत होता, काय झालं पायाला. मी त्याला सांगितलं, टिपेश्वरच्या जंगलात वाघाने धरला होता, दोन बोटांवर तडजोड झाली. त्याने बायकोला उठवून ते सांगितलं.

तानाबाई पायथ्याशी उभी होती. ती हसली नाही. पट्टीवरून तिची नजर घोट्यावर आली, घोट्यावरून गुडघ्यावर, तिथून मांडीवर. सगळं जागेवर आहे याची खात्री झाल्यावर तिने विचारलं, "इचारलं तुमाले?"

"इचारलं, वयनी."

"पयले इचारलं, का मंग?"

"पयले."

ती खाटेच्या कडेला बसली. मग मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून एक चप्पल काढली. डाव्या पायाची. सहा वर्षांत टाच न झिजलेली. पट्टीचा पाय तिच्यात अजून महिना-दीड महिना जाणार नव्हता, हे तिलाही दिसत होतं. तिने ती पदराने पुसली, वाकून खाटेखाली ठेवली, आणि पुढचं टोक बाहेरच्या बाजूला वळवलं.